चौदा नंबरच्या वहीतले पान

१

गुरुवार, १२ फेब्रुवारी १८५७. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. गॅरोवनच्या उतारावर, जिथून लोक नदी पायी ओलांडतात तिथे, वालारा नदीत एक प्रेत सापडले. पाणी कमरेएवढे होते.

प्रेत कॉर्मॅक डेव्हलिन यांचे होते. वय छप्पन्न. जन्म आयर्लंडातल्या क्लॉनमेलचा, मेलबर्नकडच्या या वसाहतीत एकोणीस वर्षे. पेशाने मोजणीदार आणि वास्तुकार.

मी पोहोचलो तेव्हा पोलीस सार्जंटने त्यांना वाळूवर ओढून घेतले होते. वहीत नोंदवले ते असे : डाव्या कानामागे खोक. नखांत काळे, कोळशासारखे काहीतरी, पाण्यानेही न गेलेले. पाय अनवाणी. बूट पलीकडच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर, एकमेकांशेजारी नीट ठेवलेले. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना गाठ मारून बांधलेल्या.

"बूट काढून ठेवलेत," सार्जंट म्हणाला. "शांतपणे काढलेत. लिहा, काय ते तुम्हाला कळलंच असेल."

कळले होते. गावातल्या कुणालाही कळले असते. दोनच दिवसांपूर्वी, मंगळवारी, कोर्टात डेव्हलिन यांच्या जुन्या वहीमुळे नऊ आयरिश कुटुंबांची घरे गेली होती. शनिवारी दुपारी बारा वाजता ती पाडायची होती. त्या कुटुंबांना पत्र लिहून बोटीवर बसवले होते ते डेव्हलिननीच. जमीन मोजून दिली ती त्यांनीच. आणि सोळा वर्षांनी त्यांच्याच हस्ताक्षरातल्या पानावरून ठरले, की हद्दीची रेघ एकसष्ट साखळ्यांवर संपते; एक साखळी म्हणजे बावीस यार्ड. घरे त्यापुढे होती. तिथून मॅग्नस कर्क यांचे मेंढ्यांचे रान लागते.

मी बातमीला मथळा दिला नाही. पेपरच्या मालकांनी दिला : 'पश्चात्ताप'.

२

नऊ घरांच्या वस्तीत मी दुपारी गेलो. पाणी जवळ पडावे म्हणून नऊही घरे जमिनीच्या पट्टीच्या अगदी टोकाला बांधलेली. बायका सामान बाहेर काढत होत्या. पहिल्याच दारात टीग लॅली बसला होता. हा डेव्हलिन यांचा साखळीवाला. सोळा वर्षे त्याने मोजणीच्या साखळीचे पुढचे टोक ओढले होते.

"या, बातमीवाले," तो म्हणाला. "घर मोजायला आलात की माणसं?"

"रेघ कुठे संपते ते विचारायला आलोय."

"ब्याण्णव साखळ्यांवर. मोठ्या खडकापासून ब्याण्णव. कोर्टात ओरडून सांगितलं मी. दर साखळीला एक सळई जमिनीत रोवतात, दहा सळया झाल्या की एक फेरी. नऊ फेऱ्या आणि वर दोन सळया. तिथं हा एवढा निलगिरीचा, गमचा वृक्ष होता. साहेबांनी त्याच्यावर खूण खोदली, मी कुऱ्हाड धरली होती."

"झाड कुठे आहे आता?"

"कर्कच्या माणसांनी गेल्या थंडीत मुळासकट काढलं, जाळलं, वर नांगर फिरवला. आणि एकसष्टवर त्यांना भलतंच झाड सापडलं, खूण असलेलं! खूण बघितलीत? पांढरीफेक. सोळा वर्षांत झाड जखमेवर साल ओढून घेतं हो. ती खूण गेल्या वर्षीची आहे. पण मी कोण? दारुडा, आयरिश, आणि त्यातून पहिलं घर माझंच."

"डेव्हलिननी वहीतलं अक्षर आपलं म्हणून मान्य केलं."

 टीगची म्हातारी आई आतून म्हणाली, "आमच्या आधी इथं जे मूळचे लोक होते त्यांना तरी कुणी विचारलं होतं रे? आता आपली पाळी."

"गप गं आई." मग मला म्हणाला, "वकिलानं विचारलं, अक्षर तुमचं का? साहेब म्हणाले, माझं. एवढंच विचारलं, एवढंच बोलले. खाली मान घालून."

हे खरे होते. माझ्या टिपणात तसेच आहे. रेघ बरोबर आहे का, असे त्यांना कुणी विचारले नव्हते.

उठताना मी बुटांचे सांगितले. टीगने मान वर केली.

"नाड्या एकमेकींना बांधलेल्या होत्या? नक्की?"

"नक्की."

"मग त्यांनी ते ठेवलेले नाहीत. सोळा वर्षं आम्ही नद्या ओलांडल्या. बूट काढायचे, नाड्यांची गाठ मारायची आणि गळ्यात अडकवायचे. गाठ मारतो तो बूट बरोबर नेणारा माणूस. जीव द्यायला निघालेला गाठ कशाला मारेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे बूट त्यांच्या गळ्यात होते. ते कुणीतरी काढून काठावर मांडले."

३

मोजणी कचेरी गावात, टपालाच्या शेजारी. तिथले ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारे, एडविन पॅश्ली. वय एकतीस. बाह्यांवर शाईचा डाग नसलेला मी पाहिलेला एकमेव ड्राफ्ट्समन. जुन्या वह्या त्यांच्या ताब्यात असतात. कोर्टात चौदा नंबरची वही त्यांनीच आणली आणि तिच्यावरून नकाशा त्यांनीच काढला.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण माणसानं चुकीच्या जागी लोक वसवले आणि सोळा वर्षं गप्प राहिला. कधीतरी ओझं होतंच."

"पान तुम्ही तपासलंत?"

"स्वतः. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, वरून खाली, दोनदा. खडक, मग ओढा, मग पडकी झोपडी, मग खुणेचं झाड. एकसष्ट साखळ्या. त्यात शंकेला जागाच नाही."

"टीग लॅली ब्याण्णव म्हणतो."

"लॅलीला ब्याण्णवपर्यंत आकडे येतात हीच खरी बातमी आहे. छापा."

भिंतीवर एक मोठा नकाशा टांगला होता. नव्या न्यायालयाची इमारत, दगडी, समोर सहा खांब, वर घड्याळाचा मनोरा. कोपऱ्यात डेव्हलिन यांची सही. गावातली तुरुंगाची कोठडी, पिठाची गिरणी, दोन पूल, लोकरीचे गोदाम, आयरिश मुलांची शाळा ही सगळी त्यांची कामे. रस्तेही त्यांनीच आखले. पण मनोऱ्याचे न्यायालय त्यांनी तीनदा काढले आणि गावच्या बांधकाम समितीने तीनदा परत केले. गावकऱ्यांत तो विनोदच झाला होता. कुणाचे काम होणार नसले की म्हणायचे, डेव्हलिनच्या मनोऱ्यावर चढून बघ.

"हे मंजूर कधी झालं?" मी विचारले.

"एकोणीस जानेवारीला. समितीच्या अध्यक्षांनी मन मोठं केलं."

समितीचे अध्यक्ष मॅग्नस कर्क होते.

कर्क मला घोड्यावरूनच भेटले. उतरले नाहीत.

"त्याला मनोरा हवा होता, आम्ही दिला. चांगला आहे मनोरा. त्यात तुम्हाला काय खुपतं?"

"तीनदा नाकारला होता."

"चौथ्यांदा आवडला. तुम्हाला बायको पहिल्याच नजरेत आवडली होती का?" ते हसले. मग हसणे थांबवून म्हणाले, "शनिवारी बारा वाजता या. पाडापाडी बघायला गर्दी होईल. तुमचा पेपर खपेल."

४

शुक्रवारी सकाळी मी ऑनोरा डेव्हलिन यांच्याकडे गेलो. प्रेत आतल्या खोलीत होते. शेजारच्या बायका होत्या, पण रडणे दबक्या आवाजात चालले होते. फादर हॅलिनन येऊन गेले होते. जीव देणाऱ्याला चर्चच्या स्मशानात जागा नाही. मृत्यूच्या चौकशीचा निकाल लागेपर्यंत खड्डा कुंपणाबाहेर खणावा, असे ते सांगून गेले होते.

"फादरांचं काही चुकत नाही," ऑनोराबाई म्हणाल्या. "माझंही तेच मत झालंय. बुधवारी संध्याकाळी फावडं घेऊन बाहेर पडले. म्हटलं, कुठं? म्हणाले, आहे का बघून येतो. काय आहे का, ते नाही सांगितलं."

"मंगळवारच्या निकालावर काही बोलले?"

"जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, ऑनोरा, कुणीच कसं वाचलं नाही."

मी मंगळवारी कोर्टात ते पान छापण्यासाठी उतरवून घेतले होते. जसेच्या तसे, ओळीला ओळ. ते त्यांच्यापुढे ठेवले. वीस वर्षे नवऱ्याच्या वह्यांवरून नकाशे शाईत उतरवायचे काम याच बाईंनी केले होते. त्यांनी चष्मा लावला, कागद पाहिला आणि परत केला.

"तुम्ही उलटं उतरवलंत."

"नाही. होतं तसंच आहे."

"अहो, मोजणीची वही खालून वर लिहितात. पानाच्या तळाला सुरुवात, शून्य साखळ्या. माणूस पुढं चालतो तसतसं पान वर चढतं. म्हणजे वही हातात धरली की डावीकडचं झाड डावीकडं आणि उजवीकडचा ओढा उजवीकडं दिसतो. साखळी धरणाऱ्या पोरालासुद्धा हे पहिल्या दिवशी शिकवतात. तुमच्या कागदावर शून्य वर आहे."

"बाई, मी शपथेवर सांगतो. शून्य वरच होतं. वकिलांनी वाचलं, मॅजिस्ट्रेटनी वाचलं."

"ते वाचणारच. ते पत्र वाचतात तसं वाचणार." त्या बोलता बोलता थांबल्या. पुन्हा कागद घेतला. "आमच्या ह्यांनी हयातीत एक पान वरून खाली लिहिलेलं नाही. बाजाराची यादीसुद्धा खालून वर लिहायचे. मी चिडवायची."

"मग हे पान कुणीतरी नक्कल करून..."

"अक्षर त्यांचंच. उगाच आशा लावू नका. कोर्टात ते कबूल झाले, आणि अक्षराबद्दल ते खोटं बोलले नसते." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "जानेवारीत मनोरा मंजूर झाला तेव्हा मी केक केला होता. यांनी तुकडासुद्धा तोंडात घातला नाही."

त्यापुढचे मी त्यांना बोलून दाखवले नाही, त्यांनीही मला नाही. कर्कला खोटे पान हवे होते. डेव्हलिनना मनोरा हवा होता. त्यांनी वहीतल्या खऱ्या पानाच्या जागी बसवायचे पान लिहून दिले. पण लिहिताना ते उलटे लिहिले. कुणीही मोजणीदार ते एकदा पाहील आणि म्हणेल, हे जागेवर मोजताना लिहिलेले नाही, हे मेजावर बसून लिहिले आहे. कुणीतरी ओरडेल, या भरवशावर ते कोर्टात खाली मान घालून उभे राहिले. कोणी ओरडले नाही. कोर्टात वाचणाऱ्यांत मोजणी शिकलेला माणूस एकच होता.

तो म्हणाला होता, वरून खाली, दोनदा.

५

आता माझी चूक लिहितो. मी तडक मोजणी कचेरीत गेलो आणि पॅश्लींकडे चौदा नंबरची वही मागितली. वही कोर्टात आहे, ते म्हणाले. मग तेरा नंबरची मागितली. त्यांनी दिली. मी दहा-बारा पाने उलटली. प्रत्येक पानावर शून्य तळाला होते.

"काय शोधताय?" त्यांनी विचारले.

"लिहायची पद्धत बघतोय."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले. माझे बोट तळाच्या शून्यावर होते. "बघा, बघा," ते म्हणाले आणि लेखणी पुसून ठेवली. दुपारी चारच्या मेलबर्नच्या घोडागाडीत ते बसल्याचे मला सहा वाजता कळले. सार्जंटने हात वर केले. खून झाला असे अजून कुणी म्हटले नव्हते. बुटांची गाठ आणि एका बाईचे म्हणणे एवढ्यावर तो सरकारी माणसाच्या मागे घोडा सोडणार नव्हता.

संध्याकाळी मी आणि टीग ऑनोराबाईंकडे बसलो. प्रश्न साधा होता. पान खोटे आहे हे कळून घरे वाचत नव्हती. खरा कोपरा ब्याण्णववर होता हे दाखवायला हवे होते, आणि तिथे झाड नव्हते.

"कोपऱ्याखाली कोळसा पुरतात," टीग म्हणाला. "कोळसा कुजत नाही. साहेब स्वतः पुरायचे, मी तोवर साखळी गुंडाळून पुढं निघालेला असे. पण कर्कनं तिथंच झाड जाळलंय. कोळसा निघाला तरी म्हणेल, माझाच आहे."

ऑनोराबाई उठल्या. कपाटातून त्यांनी एक बशी काढली. निळ्या वेलबुट्टीची, बरोबर अर्धी.

"बोटीवर फुटली. लग्नातली होती. एक्केचाळीस साली त्यांनी त्यातला अर्धा तुकडा मागितला. मी भांडले. म्हणाले, कोळसा कुणीही पुरेल, तुझी बशी दुसऱ्या कुणाकडं नाही. याच पट्टीच्या कोपऱ्याखाली घातली." त्यांनी बशी मांडीवर ठेवली. "मंगळवारपासून मला वाटत होतं ती एकसष्टवर आहे. पानावर तसं होतं ना."

"नखांतला कोळसा," मी म्हणालो. "बुधवारी ते तिथंच गेले होते. बशी आहे का, ते बघायला."

"म्हणजे बोलायचं ठरवलं होतं त्यांनी," टीग म्हणाला. "बाई, ते परत येत होते. गळ्यात बूट घालून घरी परत येत होते."

ऑनोराबाईंनी फक्त विचारले, "कर्कच्या नांगरलेल्या जमिनीत खणायला मॅजिस्ट्रेट परवानगी कशावर देईल?"

याचे उत्तर तिघांनाही ठाऊक होते. पान खोटे आहे, असे कुणीतरी शपथेवर सांगितले तरच. आणि पान खोटे म्हणजे ते लिहिणारा खोटा.

"बाई, तुम्ही नका बोलू," टीग म्हणाला. "घर काय, मी परत बांधीन. साहेबांचं नाव परत बांधता येणार नाही."

"तुझी आई कुठं झोपेल उद्या?"



६

शनिवार. सकाळी दहा वाजता मॅजिस्ट्रेट बसले. चौदा नंबरची वही मेजावर होती. ऑनोराबाईंनी त्यांना आधी इतर पाने दाखवली, मग ते पान.

"तुमच्या नवऱ्यानं खोटं पान लिहिलं असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

"दबावाखाली?"

त्या क्षणी त्या 'हो' म्हणाल्या असत्या तर कुणी खोटे पाडणारे नव्हते. मागच्या बाकावर फादर हॅलिनन होते. पुढच्या बाकावर कर्क होते.

"मला माहीत नाही. मनोऱ्यासाठी, असं मला वाटतं. पण ते उलटं लिहिलं ते कुणीतरी पकडावं म्हणून. एवढं मला माहीत आहे."

कर्क मोठ्याने म्हणाले, "मेलेल्यावर घालताय, बाई. मेलेला नाही म्हणू शकत नाही."

"म्हणूनच मी बोलतेय, मिस्टर कर्क. तो हो पण म्हणू शकत नाही."

सव्वाअकराला खणण्याची परवानगी मिळाली. घरे पाडण्याचा हुकूम मात्र थांबला नाही. पुरावा हाती येईपर्यंत निकाल तो निकाल, असे मॅजिस्ट्रेट म्हणाले. मग स्वतःची गाडी काढून आमच्याबरोबर आले.

खडकापासून टीगने साखळी धरली. मागचे टोक माझ्याकडे. मी पहिल्यांदाच धरत होतो, म्हणून तो दर वेळी ओरडायचा, "ताणा! ढिली सोडलीत तर माझं घर तुमच्या अंगणात जाईल!" पाचव्या फेरीला बारा वाजले. समोर, टोकाला, पहिल्या छपरात पहारी घुसल्या. ते टीगचे घर होते. त्याची आई बाहेर खुर्चीवर बसवलेली दिसत होती. टीगने तिकडे पाहिले नाही. सळई रोवली, पुढे गेला.

नऊ फेऱ्या आणि वर दोन सळया. तिथे माती अलीकडे कुणीतरी उकरून परत दाबलेली होती.

बारा पस्तीसला, दोन फुटांवर कोळसा लागला. कर्क म्हणाले, "माझं झाड." टीग खणत राहिला. तोवर दुसरे घर आडवे झाले होते.

बारा बावन्नला टीगने फावडे टाकले आणि हाताने उकरले. मग हात बाहेर काढून, न पुसता, मॅजिस्ट्रेटपुढे धरला. ऑनोराबाईंनी पदराआडून काढावी तशी शालीतून आपली अर्धी बशी काढली. मॅजिस्ट्रेटनी दोन्ही तुकडे गुडघ्यावर जुळवले. वेल एका तुकड्यातून दुसऱ्यात गेली.

पाडणाऱ्यांना थांबवायला माणूस धावला. तोपर्यंत तीन घरे पडली होती. सहा उभी आहेत.

७

सोमवार, २ मार्चपर्यंतची हकीकत अशी.

पडलेली तीन घरे पुन्हा बांधली जात आहेत. मॅग्नस कर्क यांनी समितीचा राजीनामा दिला आहे. पान कुणी मागितले याबद्दल त्यांनी वकिलामार्फत काहीही सांगण्यास नकार दिला. एडविन पॅश्ली मेलबर्नला उतरले, हे घोडागाडीवाल्याने सांगितले. त्यापुढे त्यांचा पत्ता नाही. बुधवारी रात्री उतारावर कोण होते, हे माहीत नाही. चौकशीच्या पंचांनी मृत्यूचे कारण सांगता येत नाही असा निकाल दिला. बूट सार्जंटच्या कपाटात आहेत.

त्या निकालावर, डेव्हलिन यांना कुंपणाच्या आत घेता येईल का, असे फादर हॅलिनन यांनी बिशपना पत्र लिहिले आहे. उत्तर नाही. उन्हाळ्याचे दिवस, थांबणे शक्य नव्हते, म्हणून डेव्हलिन यांना पंधरा फेब्रुवारीला कुंपणाबाहेरच पुरले. प्रार्थना झाली नाही.

काल टीग साखळी घेऊन स्मशानात गेला. चर्चची जमीनही डेव्हलिननीच चव्वेचाळीस साली मोजली होती आणि साखळीचे पुढचे टोक त्याच्याच हाती होते. चर्चच्या उंबऱ्यापासून त्याने दोनदा मोजले. मग फादरांना बोलावले.

"कुंपण चुकलंय, फादर. सुतारानं सोयीनं ठोकलंय. खरी हद्द कुंपणाच्या बाहेर तीन यार्डांवर आहे. साहेब आतच आहेत."

"तुझ्या म्हणण्यावर कसं मानू, टीग?"

"माझ्यावर नका मानू. सतरा नंबरची वही काढा. खालून वर वाचा."

सतरा नंबरची वही मोजणी कचेरीत आहे. पॅश्ली गेल्यापासून कचेरीला सील आहे. मेलबर्नहून नवा ड्राफ्ट्समन आल्याशिवाय ते उघडता येत नाही. कालच्या गाडीने तो आलेला नाही.